एक गाडी, एकदाच

बंदराच्या वाहतूक खात्यात तिला सगळे भाकीतबाई म्हणत. कुणी कौतुकाने, कुणी खोचकपणे, पण म्हणत सगळेच. तिचं कामच तसं होतं. जहाज अजून भर समुद्रात असायचं आणि इकडे ही खुर्चीत बसून सांगायची, की त्यातून किती कंटेनर उतरतील, ते न्यायला किती ट्रक येतील आणि कोणत्या रस्त्यावर कधी गर्दी होईल. देवाची कृपा अशी, की सांगितलेलं बहुतेक वेळा खरं व्हायचं. चहावालासुद्धा कप ठेवता ठेवता विचारायचा, "भाकीतबाई, आज माझं दूध नासणार का, तेवढं सांगून टाका!"

थोरल्या बहिणीसाठी मात्र ती अजून बारकीच होती. ताईचं पाळणाघर होतं. आईबाप कामावर गेले की त्यांची पोरं सांभाळायची, त्यांना भरवायचं, गाणी म्हणून झोपवायचं. माया अशी, की दुसऱ्याचं मूल रडलं तर हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. जुन्या जागेत ऊन म्हणून यायचं नाही. भिंतींना ओल, पोरांची नाकं बारा महिने वाहती. शेवटी बंदराच्या मागच्या रस्त्यावर एक बैठं घर मिळालं. खोल्या ऐसपैस, खिडक्या जमिनीपर्यंत, ऊन कसं भरभरून आत यायचं! ताईला धाकधूक एकाच गोष्टीची होती. घराचं फाटक थेट रस्त्यावर उघडत होतं.

"बारके, तुझ्या त्या यंत्रात बघून सांग. रस्ता कसा आहे? तू हो म्हणालीस तर मी डोळे मिटून घेते."

बारकीने बघितलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर खात्याचा कॅमेरा होता, येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा नंबर टिपणारा. वर्षभराच्या नोंदी तिच्याजवळ होत्या आणि पुढच्या वर्षाचा अंदाज तिनेच बांधलेला. दिवसाला जेमतेम चाळीस ट्रक.

"अगं, तुझी पोरं याहून जास्त गोंगाट करतात," ती म्हणाली. "घे बिनधास्त."

ताईने जुनी जागा सोडून दिली. घर बघणं, सामान लावणं, सगळं बंदराला सुट्टी असलेल्या दिवशीच झालं.

पाळणाघर नव्या घरात उघडलं त्या सकाळी बारकीने सुट्टी घेतली. काखेत रंगीत चटईची गुंडाळी घेऊन ती मागच्या गल्लीने, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली. आत पाऊल टाकलं आणि मांडणीवरचे पेले किणकिणले. मग थांबले. मग पुन्हा किणकिणले.

"आलीस?" ताई कडेवर एक बाळ घेऊन समोर आली. चेहऱ्यावर हसू होतं, पण ताणलेलं. "सकाळपासून हे असं चाललंय गं. आजच्या दिवसापुरतंच असेल ना?"

"जहाज लागलं असेल धक्क्याला," बारकी म्हणाली.

म्हणाली खरं, पण आज धक्क्याला एकही जहाज लागणार नव्हतं. ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पुढच्या खोलीत पोरं खिडकीला नाकं लावून बसली होती. रस्त्यावरून एक भलामोठा ट्रक धडधडत गेला. त्याच्या तोंडाला एका कानाचा निळा कापडी हत्ती बांधलेला होता.

"हत्ती!" पोरं एका सुरात ओरडली.

"या हत्तीनेच सांभाळलंय मला सकाळपासून," ताई म्हणाली. "आईला सोडताना रडणारं पोरसुद्धा हत्ती दिसला की गप्प होतं."

बारकी चटई उलगडायला बसली. एक कोपरा सरळ केला, दुसरा केला, तिसऱ्यावर एक पोरगं बसलं होतं त्याला गुदगुल्या करून उठवलं. तेवढ्यात वेणीवाली एक चिमुरडी टाळ्या पिटत ओरडली, "पुन्हा हत्ती!"

बारकीचा हात चटईवरच राहिला.

पुन्हा?

ती उठून खिडकीशी गेली. तोच निळा हत्ती, तोच एक कान. त्याच्यामागे मडगार्ड चेपलेला पिवळा ट्रक. त्याच्यामागे निळी ताडपत्री दोरीने आवळलेला. ती तिथेच उभी राहिली. काही वेळाने हत्ती आला, मागून चेपलेला पिवळा आला, त्याच्यामागून निळी ताडपत्री. जणू मिरवणूकच देवळाला प्रदक्षिणा घालत होती.

परमेश्वरा! तो नियम.

नियम तिनेच घातलेला. कॅमेरा नवीन बसवला तेव्हा तो तोतरा होता. एकच ट्रक दोनदा, तीनदा टिपायचा. बंदरात तर एका ट्रकला दिवसातून एकदाच आत घेतात, तेही नेमून दिलेल्या वेळेला. मग तोच नंबर दुसऱ्यांदा दिसला म्हणजे चूक कॅमेऱ्याची, असं धरून तिने यंत्राला शिकवलं होतं की एक गाडी, एकदाच. बाकीच्या नोंदी गाळून टाक. पुढे कॅमेरा दुरुस्त झाला. नियम मात्र जागेवरच राहिला आणि रोज इमानेइतबारे गाळत बसला.

वेळ नेमून देण्याची कल्पनाही तिचीच. त्याआधी बंदराच्या फाटकासमोर ट्रकची रांग नजर पोहोचेल तिथपर्यंत असायची. वेळा वाटून दिल्या आणि रांग दिसेनाशी झाली. साहेबांनी पाठ थोपटली होती. ती रांग कुठे गेली, हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. ती तर इथे, ताईच्या दारात, गोल गोल फिरत होती!

"बारके, पांढरी का पडलीस गं?" ताईने विचारलं.

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि बाहेर काहीतरी कडाडलं.

दोघी धावल्या. समोरून आलेल्या गाडीला वाट देताना हत्तीवाला ट्रक कडेला घासला होता. त्याच्या आरशाने फाटकावरची पाटी उखडून अंगणात फेकली होती. दोघींनी मिळून रंगवलेली पाटी, कडेला पिवळी बदकं. पाटी पडली होती तिथून हातभर अंतरावर एक आई पोराला छातीशी घट्ट धरून उभी होती. ती नुकतीच फाटकातून आत आली होती. पोरगं मात्र बोट दाखवून हसत होतं, हत्ती इतक्या जवळून त्याने कधी पाहिला नव्हता.

ड्रायव्हर उडी मारून खाली आला. "लागलं नाही ना कुणाला? देवा, लागलं नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली.

"किती फेऱ्या झाल्या सकाळपासून?" बारकीने विचारलं.

"मोजायच्या सोडल्यात, बाई. आधीच उतरलेला माल न्यायचाय, पण माझी वेळ दुपारची. लवकर गेलो तर बंदराच्या फाटकावरून हाकलतात, उशीर झाला तर वेळ जाते. उभं राहिलो तर दंड. मग काय, फिरतो! लेकीने हत्ती बांधून दिलाय. म्हणते, बाबा, त्याला जग दाखवा. त्याला बिचाऱ्याला हेच एक फाटक दिसतंय."

बारकीने तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. साहेब बैठकीला निघाले होते. तिथे ठरायचं होतं, की बंदराच्या फाटकाजवळचं मोकळं मैदान गोदामांना द्यायचं, कारण भाकीतबाईंच्या अंदाजाप्रमाणे ट्रकना थांबायला जागा लागतच नाही. साखळी लावून ते कधीचंच बंद केलेलं होतं.

"साहेब, तो अंदाज मागे घ्या. मैदानाची साखळी आत्ता काढायला लावा. ट्रक आत घ्या."

"काहीतरीच काय! आकडा तुमचाच आहे, सहीसुद्धा तुमची."

"माझाच आहे म्हणून तर सांगतेय. तो चुकीचा आहे. मी ट्रक गाळले, साहेब. खरे ट्रक गाळले."

साहेबांनी आवाज खाली आणला.

"बैठकीत मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. पण आधी साखळी. आत्ता इथे एक बाळ वाचलंय."

फोन बंद झाला. ताई पाटीचे तुकडे उचलत होती. एका तुकड्यावर बदकाचं नुसतं डोकं उरलं होतं.

"ताई..."

"मी तुला विचारलं होतं, बारके."

तेवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फाटकाला आतून कडी घातली, वर दोरी गुंडाळली आणि एकेका पोराच्या घरी फोन करायला घेतले. मुलांना घेऊन जा, मागच्या दाराने या. प्रत्येक फोनवर कारण विचारलं जायचं आणि प्रत्येक फोनवर ताई म्हणायची, "रस्त्याबद्दल माझी चूक झाली." माझी, म्हणायची. बारकी समोर बसून ऐकत होती. प्रत्येक वेळी तो शब्द तिला चटका देऊन जात होता. शेवटी तिने ताईच्या हातातून फोन घेतला आणि पुढच्या आईला स्वतः सांगितलं.

दुपार कलायच्या आत पेल्यांची किणकिण विरळ झाली. मग थांबलीच. साहेबांनी साखळी काढली असावी. शेवटी उरलेली वेणीवाली चिमुरडी खिडकीशी वाट बघत बसली होती.

"हत्ती कुठे गेला?"

"थांबायला जागा मिळाली त्याला," बारकी म्हणाली.

"उद्या येईल?"

ताईने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने बहिणीकडे नीट बघितलं. तिलाही तेच विचारायचं होतं. उद्या फाटक उघडायचं, की आजच सामान बांधायला घ्यायचं?

बारकीच्या ओठांवर सवयीने आकडा येऊ लागला. तिने तो गिळला.

"माहीत नाही, ताई. उद्या मी फाटकात बसते. एकच ट्रक कितीही वेळा आला तरी तितक्या वेळा मोजते. मग ठरव. तोवर उघडू नकोस."

ताईने आतून एक लाकडी स्टूल आणून फाटकाच्या आतल्या बाजूला ठेवलं. रस्त्याकडच्या भिंतीपासून चांगलं लांब.