खुणेचे दगड

बस थांबली तशी सगळी पोरं माळाकडे धावली आणि मीनाबाई बसच्या सावलीकडे. त्या क्षणी तिला कुणी विचारलं असतं, बाई, तुला काय हवंय, तर तिने सोनं नसतं मागितलं की बंगला नसता मागितला. "एक खाट द्या आणि चार तास मला हाक मारू नका," एवढंच म्हणाली असती.

मीनाबाई नवी पेठेजवळच्या एका दवाखान्यात आया होती. रात्रपाळी संपवून सकाळी सातला सुटली, घरी जाऊन तोंडावर पाणी मारलं, डबा भरला आणि नऊला शाळेच्या बसमध्ये येऊन बसली. लेकीच्या निसर्ग मंडळाचं फर्मानच होतं तसं: सहलीला प्रत्येक मुलीबरोबर घरचं एक मोठं माणूस पाहिजेच.

"मम्मी, तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही. नुसती बसून राहा," धम्मप्रियाने वाटेत तीनदा सांगितलं होतं. नववीतली पोर, या वर्षी गटप्रमुख झालेली. तेव्हापासून तिचं तोंड आणि पाय दोन्ही जागेवर ठरत नव्हते.

वळसंगच्या पुढचं ते राखीव कुरण. वरच्या अंगाला वाळसर, मुरमाड उतार, त्यावर बोटभर उंचीचं पिवळं गवत. खाली पाझर तलावाच्या ओलीवर वाढलेली हिरवी, पाणथळ कुरणं. मार्च महिना आणि ऊन असं, की डोळे आपोआप बारीक व्हावेत. राखणदार रावसाहेब काठी टेकत पुढे चालत होते.

"मेंढरं चरतात म्हणून गवत बुटकं राहतं," ते पोरांना सांगत होते, "आणि गवत बुटकं म्हणून माळटिटवी इथं अंडी घालते. लांबून कोण येतंय ते तिला दिसायला पाहिजे की! आता एक ऐका. वाटेवरनंच चालायचं. आणि माळावरचा एक दगड हलवायचा नाही."

हे सगळं नीट ऐकलं पोरांनी. मीनाबाई मागे दीडशे पावलांवर होती. तिच्या कानावर पडलं ते फक्त वारं.

तिचे पाय सुजले होते, पदराला कुसळं चिकटली होती आणि दोन पावलं टाकली की एक टोचत होतं. वाटेच्या कडेला एक खुरटी बाभूळ दिसली. सावली कसली, चाळणीतून गाळल्यासारखी; पण होती. खाली कुसळांवर बसायचं कसं? इकडेतिकडे बघितलं, तर उतारावर एकावर एक ठेवलेले दोन चपटे दगड. पाटासारखे! मीनाबाईने आधी वरचा उचलून आणला, मग खालचा. एक बुडाखाली घेतला, एक टाचांखाली. पाठ बाभळीला टेकली आणि तिला कधी डोळा लागला ते बाभळीलासुद्धा कळलं नाही.

जाग आली ती आरडाओरड्याने.

"माजं दगड कुणी काडलं? हितं दोन दगड हुतं!"

चढावर एक म्हातारी उभी होती, डोक्यावर पदर, हातात काठी. तिच्यामागे चाळीस-पन्नास मेंढरं एकमेकांच्या सावलीत तोंडं खुपसून धापा टाकत होती. वाटेवर शाळेची पोरं, बाकीचे पालक, चैतालीमॅडम आणि कपाळाला हात लावलेले रावसाहेब.

"बजाबाई, दमानं घ्या," रावसाहेब म्हणाले. मग मॅडमना सांगू लागले, "अवो, यांची रीत आहे ती. मेंढरामागं फिरताना टिटवीचं घरटं दिसलं की दगडावर दगड ठेवायचा. मागनं येणारा धनगर ते बघतो आणि कळप वळवून नेतो. अंडी हुबेहूब खड्यासारखी. खूण नसली तर ज्यानं ठेवली त्यालाबी सापडत न्हाईत."

"चार अंडी हैत तितं," बजाबाई म्हणाली. "आन माजी मेंढरं तानेली हैत. पाणी खाली. आता कुटनं नेऊ?"

मॅडम वळल्या त्या थेट धम्मप्रियाकडे. "तुझा गट इथून सगळ्यात शेवटी गेला ना? गटप्रमुख तू. कुणी हात लावला?"

"मॅडम, आमच्यातल्या कुणीच नाही. खरंच."

"मग दगडांना पाय फुटले का?"

धम्मप्रियाने तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर मीनाबाईने त्या पोरीला मिटलेल्या तोंडाने कधी बघितलं नव्हतं. कान लाल, मान खाली. मीनाबाईच्या बुडाखालचा दगड तव्यासारखा तापला. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? दोन्ही दगड साडीखाली झाकलेलेच होते. क्षणभर तिने तो विचार केला, खोटं कशाला बोला. मग गुडघ्यावर हात देऊन ती उठली.

"तिला बोलू नका, मॅडम. दगड मी घेतले. बसायला."

बजाबाईने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुटनं उचललंस, दाव."

मीनाबाई उतारावर गेली. दोन पावलं डावीकडे, चार उजवीकडे. सगळीकडे तेच पिवळं गवत, तेच खडे, त्याच लेंड्या. झोपेत चालणाऱ्या माणसाला आपण कुठून काय उचललं ते काय आठवणार? तिने हताशपणे मान हलवली.

डोक्यावरून एक पक्षी 'टी-ई, टी-ई' करत घिरट्या घालत होता.

"ती बघा अंड्यांची माय," रावसाहेब म्हणाले. "आपण हितं हाय तोवर ती बसणार न्हाई. आन या उन्हात अंडी अर्धा-पाऊण तास उघडी पडली, तर शिजतात बघा. चला, सगळे खाली चला!"

बजाबाईने काठी खांद्यावर टाकली. "मी आत्ता लांबनं जाते, वड्याकडनं. तासाचा फेरा हाय आन गुडगा बोंबलतोय, पर जाते. येताना मातर हितनंच येणार. दिस कलल्यावर वड्यात लांडगा असतोय. तवर घरटं हुडकून ठेव, बाई. तूच मोडलंस, तूच लाव."

"कसं हुडकू, मावशी?"

"बस. बघ. ती परत यील तितं घरटं."

पोरं पाणथळीकडे गेली. मॅडमनी धम्मप्रियालाही बोलावलं, पण ती बाभळीखाली आईच्या शेजारी येऊन बसली. "मी पण बघते. दोघींचे मिळून चार डोळे." दहा मिनिटं ती खरोखर गप्प बसली, म्हणजे विक्रमच. विसाव्या मिनिटाला तिचं डोकं आईच्या मांडीवर आलं आणि चारांपैकी दोन डोळे कामातून गेले.

मीनाबाई टक लावून बघत राहिली. टिटवी लांब उतरली, पिवळ्या पायांवर तुरुतुरु चालली, थांबली, मान वर करून थेट मीनाबाईकडे बघितलं आणि उडाली. पुन्हा उतरली, पुन्हा तेच. ऊन पांढरंफटक झालं होतं. पापण्यांना कुणी वजनं बांधली होती जणू. वॉर्डात डुलकी आली की आया उठून उभी राहते. इथे तीही सोय नव्हती. मग ती मनातल्या मनात कालच्या खाटा म्हणू लागली. एक नंबरला पाणी द्यायचं नाही. दोन नंबरची कूस बदलायची. तीन नंबर सलाईन ओढतो, हातावर लक्ष ठेवायचं. चार नंबरचे आजोबा...

चार नंबरशी ती अडखळली. त्या आजोबांकडे बघत बसलं की ते झोपतच नव्हते. "काय बाई, माझी मरायची वाट बघती का?" म्हणायचे. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसायची, पदराचे दोरे काढत, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांची छाती खालीवर होते का ते बघायची. दहा मिनिटांत घोरायचे आजोबा.

मीनाबाईने हळूच मान वळवली. तोंड खालच्या हिरव्या कुरणाकडे केलं आणि पदराची कुसळं एकेक करून काढू लागली. जणू तिचं त्या उताराशी काही देणंघेणं नाही.

टिटवी खालच्या पाणथळीतून आली. पोटाची पिसं ओली करून आली होती, थेंब गळत होते. उतरली, चार पावलं चालली, उगाच जमिनीत चोच मारली, थांबली. मीनाबाईने एक कुसळ काढलं. टिटवी आणखी सहा पावलं चालली. दुसरं कुसळ. मग टिटवीने पाय दुमडले, अंग इकडून तिकडे हलवलं, आणि बसली.

मीनाबाई लगेच उठली नाही. रोगी झोपला असं वाटतं आणि खरा झोपलेला नसतो, हे तिला पंधरा वर्षांत पाठ झालं होतं. पदरातली सगळी कुसळं संपली तेव्हा तिने धम्मप्रियाचं डोकं मांडीवरून अलगद खाली ठेवलं, दोन्ही दगड कवेत घेतले आणि त्या ठिपक्यावरची नजर न हलवता, ठेचकाळत, चालत गेली. टिटवी ओरडत उडाली. वाळूतल्या एका उथळ खळग्यात चार अंडी होती, टोकं आत करून ठेवलेली, अजून ओली. मीनाबाईने एक दगड खळग्याला खेटून ठेवला, त्यावर दुसरा, आणि जवळजवळ पळतच मागे आली.

सूर्य कलला तेव्हा मेंढरं पाणी पिऊन वर चढू लागली. बजाबाई लंगडत पुढे आली, दगड बघितले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आगं, घरट्याला खेटून कुणी खूण करतं व्हय? कोल्ह्याला पत्ता दिलास की! धा पावलं वर ठेवायचं, चढाच्या अंगाला. आमा माणसांनाच ठावं असतंय, खाली बघायचं." तिने दगड उचलले, दहा पावलं मोजली आणि पुन्हा एकावर एक ठेवले. "आता बरोबर हाय."

मग तिने जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला आणि कळप मधोमध फाटला. अर्धी मेंढरं इकडून, अर्धी तिकडून, धुरळा उडवत. एक कोकरू चुकून आत घुसलं, तर टिटवी पंख पसरून त्याच्यासमोर अशी उभी राहिली, की ते बिचारं घाबरून आईच्या पोटाखाली शिरलं. जागी झालेली धम्मप्रिया डोळे चोळत हसली. "मम्मी, बघितलंस? केवढीशी आहे आणि केवढी डेरिंग!"

तिघी वाटेवर येऊन थांबल्या, तोवर खालून बसचा हॉर्न वाजला.

"कामाला कुटं असतीस?" बजाबाईने विचारलं.

"दवाखान्यात. रात्रपाळीला."

"आज बी?"

"आज पण."

बजाबाईने तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, मग टिटवीकडे. टिटवी परत अंड्यांवर बसली होती.

"जा मंग," ती म्हणाली. "हितं आता मी हाय."