विरोधाची खुर्ची

दादांनी टेबलाच्या टोकाची हात असलेली खुर्ची बाहेर ओढली, तिच्यावरची वर्तमानपत्रं उचलून खिडकीत ठेवली आणि धाकटीकडे बघून म्हणाले,

"ये. आज तुझी पाळी."

धाकटीच्या खांद्यावर बाळ होतं. दूध पिऊन झालं होतं, ढेकर अजून यायची होती. ती दारातच उभी राहून त्याची पाठ थोपटत राहिली.

"मला कुठलं जमायला, दादा. ही मध्येच रडेल."

"तिला मी बघते," जाऊबाईंनी हात पुढे केले. "तू बस जाऊन. अख्ख्या घरात दगडांचं शास्त्र शिकलेली तू एकटी. तूच नाही बोललीस तर काय दगड बोलणार?"

सगळे हसले. धाकटीचा नवरा, दादांचा धाकटा भाऊ, बशीतल्या बिस्किटाचे तुकडे करत होता. तोही हसला, पण वर न बघता. बाळ हातातून गेलं आणि धाकटीचे खांदे एकदम हलके झाले. इतके हलके, की तिला चुकल्यासारखं वाटलं.

खुर्चीचा नियम दादांचाच होता. नातेवाईक आणि घरोब्याची चार माणसं रविवारी त्यांच्याकडे जमत आणि शिल्लक पैसे कशात घालायचे ते ठरवत. मागे एका व्यवहारावरून दोन जुन्या मित्रांची जुंपली, बोलणं तुटलं, तेव्हा दादांनी हा तोडगा काढला. पैसे घालण्याआधी एकाने खुर्चीत बसायचं आणि जीव तोडून विरोध करायचा. मनातून पटो न पटो. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. खुर्ची सोडली की तिथलं बोलणं तिथंच राहिलं. कुणी ते मनाला लावून घ्यायचं नाही. मागच्या खेपेला शीतगृहाच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेले काका बसले होते. वीज गेली तर काय काय नासेल याचं त्यांनी असं चित्र रंगवलं, की शेवटी स्वतःच रुमाल काढून डोळे पुसले. सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं, टाळ्या वाजवल्या आणि पैसे घातले. शीतगृह उत्तम चाललं.

आज विषय तेलाचा होता. कुठल्याशा लांबच्या माळावर एक कंपनी तेलासाठी पहिलीच विहीर खणणार होती, आणि तिच्यात छोटासा हिस्सा मिळत होता.

"शेजारच्या पट्ट्यात तेल लागलंय," दादा सांगत होते. "आपली जागा त्याला खेटून. मध्ये नुसतं कुंपण."

"तेलाला कुंपण कळत असेल का पण?" दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी दिवसभर भोकंच पाडते, दादा. एक्स-रे समोर असतो, तरी आत काय निघेल ते पाडल्यावरच कळतं."

"तुमचा पेशंट निदान बिल तरी भरतो," काका म्हणाले. "इथे भोक कोरडं निघालं तर बिलही आपलंच आणि दुखणंही."

"पाचात एक विहीर लागते. कंपनीच सांगतेय, लपवत नाहीये," दादा म्हणाले. "पण ती एक लागली, तर काका, तुमच्या नातवंडांनाही बँकेत खर्डेघाशी करावी लागणार नाही."

काकांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांचं मन वळायला लागलं की ते चष्मा पुसत.

टेबलाच्या पलीकडे मावशी बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. ही धाकटीची सख्खी मावशी. यजमान गेल्यावर तिने राहतं घर विकून लहानशी भाड्याची जागा घेतली. घराचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत, असं धाकटीच एकदा दादांकडे बोलली, आणि तीच मावशीला या बैठकीत घेऊन आली. मावशी कधी काही विचारत नसे. ज्यात सगळे घालतील त्यात ती थोडे घाली, आणि जाताना जाऊबाईंना विचारून कपबशा विसळून ठेवी.

धाकटी खुर्चीत बसली. सुरुवातीला तिला काय बोलावं सुचेना. बाळ झाल्यापासून ती चारचौघांत दूध, ताप आणि झोप यांखेरीज कशाबद्दल चार वाक्यं सलग बोलली नव्हती. मग तिने कंपनीचा नकाशा पुढे ओढला.

"तेल जमिनीत एका जागी बसून राहत नाही," ती म्हणाली. "ते हलकं असतं, सारखं वर चढायला बघतं. ते अडायला हवं असेल तर त्याच्या डोक्यावर घट्ट खडकाचं झाकण लागतं. शेजारच्या पट्ट्यात तसं झाकण आहे, म्हणून तिथे तेल आहे. आपल्या पट्ट्यातही तोच खडक आहे. पण त्याला खालून एक भेग गेलीय."

तिने नखाने ती रेघ दाखवली. आवाज स्थिर झाला होता. नोकरीत असताना अशाच रेघा वाचण्यात तिची वर्षं गेली होती.

"कंपनीने ही भेग झाकणाच्या खालीच थांबलेली दाखवलीय. पण बाजूच्या, जमिनीच्या उभ्या छेदाच्या दोन्ही चित्रांत थर बघा, झाकणातसुद्धा सरकलेत. भेग थांबलेली नाही. काढणाऱ्याचा हात थांबलाय. झाकण फाटलं असेल तर तेल कधीच निघून गेलं. आपण खणू, खडकाला तेलाचा वाससुद्धा येईल. तेल होतं, एवढं सिद्ध होईल. आहे, हे नाही होणार. आणि ही पाचात एक म्हणतात ती सगळ्या विहिरींची गोष्ट झाली. या विहिरीला मी तेवढंही देणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी उचललेला कप तसाच हातात राहिला होता. मावशी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करायची थांबली होती.

"ज्याला हे पैसे गेले तरी चालतील, त्याने जरूर घालावेत," धाकटी म्हणाली. "बाकीच्यांनी घालू नयेत."

मग काकांनी टाळी वाजवली, आणि मागोमाग सगळ्यांनी.

"मेलो," काका म्हणाले. "माझा रुमाल फुकट गेला म्हणायचा. काय बोलली पोरगी."

"मला तर घाम फुटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढणाऱ्याचा हात थांबलाय, वा."

"बघा, आमच्या घरात काय रत्न आहे," दादा म्हणाले. "पोरीला दुपट्यांत बुडवून ठेवलंय नुसतं."

धाकटीचे कान गरम झाले. ती हसली. आपण हसतो आहोत हे तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. किती दिवसांनी कुणीतरी तिच्या बोलण्याकडे असं कान देऊन बसलं होतं. ती खुर्चीतून उठली, नवऱ्याशेजारी येऊन बसली. त्याने तुकडे केलेल्या बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली.

"आता खुर्ची सुटली," दादा म्हणाले. "आता खरं मत. कोण कोण घालतंय?"

दादांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग काकांचा. डॉक्टरीणबाईंनी एक सुस्कारा सोडून हात वर केला. नवऱ्याने केला, तो दादांच्याच धंद्यात कामाला होता, त्याचा हात खाली राहण्याचा प्रश्नच नव्हता. आतल्या खोलीत बाळ कुरकुरायला लागलं. सगळे तिच्याकडे बघत होते, अजून हसऱ्या चेहऱ्यांनी, जसं एखाद्या चांगल्या खेळाच्या शेवटी बघतात. आता काही बोलायचं म्हणजे त्या सगळ्यांचं हसू काढून घ्यायचं. शिवाय आतून रडणं वाढत होतं.

तिने हात वर केला, आणि तो खाली आणता आणताच उठून आत गेली.

निघताना मावशी दारापाशी तिच्या अंगाला टेकून उभी राहिली. बाळाचं टोपडं नीट करत हळूच म्हणाली,

"तू बोलत होतीस ना, तेव्हा खरंच घाबरले मी. म्हटलं, ही पोरगी नाटक करत नाहीये. मग तुझ्या हाताकडेच बघत बसले. तो वर गेला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

"तू केलास हात वर?"

"तुझ्या मागोमाग. आणि यावेळी थोडे थोडे नाही हं, सगळेच घालतेय. दादा म्हणाले, अशी संधी परत यायची नाही. उद्या सकाळी बँकेत जाते." तिने धाकटीचा गाल हाताने कुरवाळला. "तुझी आई असती तर तिला किती बरं वाटलं असतं आज."

धाकटीने तोंड उघडलं. मागून दादा चपला शोधत आले, काकांची गाडी कुणाच्यातरी गाडीमागे अडकली होती, सगळे एकदम बोलायला लागले. मावशी काकांच्या गाडीत बसून गेलीसुद्धा.

परतताना धाकटी मागच्या सीटवर बाळाजवळ बसली. दुपार कलत होती, रस्त्यावर सुट्टीची सुस्ती होती. बाळ झोपलं, तरी ती त्याच्या पोटावरचा हात काढेना.

"मी नाटक करत नव्हते," ती म्हणाली.

नवऱ्याने गियर बदलला.

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"परवा तू नकाशा बघून भेगेबद्दल बोललीस, ते मी दादाला सांगितलं होतं." तो पुढे रस्त्याकडेच बघत होता. "तो म्हणाला, मग तिलाच बसवू खुर्चीत. काय ते बोलून टाकू दे. मनात राहायला नको."

"आणि कुणी मनावर घ्यायलाही नको."

"असं नाही म्हणाला तो."

"म्हणायला कशाला लागतं?"

त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसत होते. तिला राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ, तिची तिलाच लाज वाटावी असं, हायसं वाटलं. म्हणजे एकटीचं नव्हतं. दादांनी बेत केला, याने साथ दिली, सगळ्यांनी मिळून आपल्याला गोड बोलून गप्प बसवलं. हे असंच मावशीला सांगता येईल. वाटेत दोन चौक ती मनातल्या मनात ते सांगत राहिली, आणि दर वेळी गोष्टीतली तिची जागा आणखी लहान होत गेली.

"गाडी बाजूला घे जरा," ती म्हणाली.

"उद्या कर ना फोन. आत्ता कशाला?"

"उद्या सकाळी ती बँकेत असेल."

त्याने एका बंद दुकानासमोर गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मावशीने फोन लगेच उचलला.

"पोचलात का गं? बाळ झोपलं?"

"झोपलंय. मावशी, ऐक. मी मघाशी जे बोलले ना, ते खुर्चीत नसते तरी तेच बोलले असते."

"म्हणजे?"

"म्हणजे ते सगळं खरं आहे. तिथे तेल असेल असं मला वाटत नाही. तू पैसे घालू नकोस."

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं. धाकटीच्या ओठांवर दादांचं नाव आलं होतं. पुढचं वाक्य तयार होतं, वाटेत घोटून ठेवलेलं.

"मग हात का वर केलास गं?" मावशीने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. आपल्याला न समजलेली गोष्ट जाणत्या माणसाला विचारावी, तसं ती विचारत होती, आणि उत्तर येईपर्यंत फोन कानाला लावून थांबली होती.