देवाला कोण ढकलतं?

इपुयला एकच खाज होती. देवाला नेमकं कोण ढकलतं?

म्हणजे झालं असं, की डोंगरातल्या त्या कारागिरांच्या गावात कोर्टकचेरी काही नव्हती. भांडण झालं, चोरी झाली, गाढव कुणाचं ते ठरेना, की सणाच्या दिवशी देवाला विचारायचं. देवाची पालखी आठ जण खांद्यावर घेणार, कारकून मोठ्यानं प्रश्न विचारणार. देव पुढे सरकला तर हो, मागे गेला तर नाही. पालखीचे भोई बाहेरचे नव्हते. गावातलेच गवंडी, दगडफोडे, रंगारी. महिनाभर फॅरो राजांच्या थडग्यांत हाडं मोडायची आणि सणाला डोकं तुळतुळीत करून, पांढरं नेसून देवाखाली उभं राहायचं.

इपुय गवंडी. वय चाळिशीपार, पण अंगात खोडी बारा वर्षांच्या पोराची. पुढच्या डाव्या दांड्याखाली तो कितीतरी वर्षं उभा राहत होता, आणि देव हलला की दर वेळी त्याला वाटायचं, मी तर नाही हललो. बाकीच्या सातांना त्यानं बिअर पाजून पाजून विचारलं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच. आम्ही कुठे ढकलतो, देव जड होतो आणि आपोआप जातो. कुणी एकजण तरी खोटं बोलतोय हे इपुयला पक्कं ठाऊक होतं. फक्त कोण, ते कळत नव्हतं.

त्यात त्यानं त्या वर्षी मुकादमाची उशी पळवली.

मुकादम नेबनखेत भलता कडक. कामावर कुणी डोळा मिटला की बोंबलायचा आणि स्वतः दुपारी थडग्याच्या गारव्यात, खांबावर मानेपुरती खोलगट फळी असलेल्या लाकडी उशीवर मान टाकून घोरायचा. उशीच्या खांबावर बुटक्या बेस देवाचं तोंड कोरलेलं, जीभ बाहेर काढलेली, वाईट स्वप्नं पळवायला. इपुयला ती जीभ बघून राहवेना. कामाची पाळी संपून सगळे गावात उतरले त्या संध्याकाळी त्यानं उशी उचलली आणि शेजारच्या पाशेदूच्या घरी, गाढवाच्या कडब्यात खुपसली. पाशेदूच का? कारण पाशेदू इतका सरळ माणूस, की त्याच्या घरी कुणी शोधायला जाणार नाही. एक-दोन दिवस मुकादमाची मान वाकडी होऊ द्यायची, मग सगळ्यांसमोर उशी काढून हशा पिकवायचा, असा बेत.

पण मुकादमाची मान जरा जास्तच वाकडी झाली. त्यानं सकाळीच घरोघर झडती लावली आणि उशी पाशेदूच्या कडब्यात सापडली. मुकादमानं तिथेच सांगून टाकलं, की सणाला देवाला विचारू, आणि देव हो म्हणाला की हा पाशेदू कामाच्या टोळीतून बाद. टोळीतून बाद म्हणजे गावातून बाद. घर कामाबरोबर मिळालेलं, कामाबरोबर जायचं. बायको-पोरं घेऊन नदीकाठी गाळ उपसायचा.

इपुयच्या बायकोला, हुनेरोला, त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. ती बार्लीच्या भाकरीचं पीठ मळत होती, हात न थांबवता म्हणाली, "जा आणि सांगून ये."

इपुयनं मान डोलावली. खरंच उठला पण होता. पण दारातून बाहेर पडता पडता डोक्यात किडा वळवळला. उद्याच सण. सगळ्या गावात खरं काय ते त्याला एकट्याला माहीत. देवाला विचारतील तेव्हा देव काय सांगतो, आणि सांगतो तेव्हा कोण ढकलतो, हे बघायची अशी संधी जन्मात येणार नाही. पाशेदूनं चोरलेलं नाही, म्हणजे देव मागेच जाणार. त्यात धोका तो काय? आणि गेलाच पुढे, तर तेव्हा सांगता येईल की. असं त्यानं स्वतःला पटवलं आणि मुकादमाकडे जायच्या ऐवजी गिलाव्याच्या पोत्याकडे गेला.

संध्याकाळी त्यानं देवळासमोरचं सगळं अंगण गिलाव्याच्या पांढऱ्या भुकटीनं जाडसर झाकलं, वरून फळी फिरवून सपाट केलं. कुणी विचारलं तर म्हणाला, देवाच्या पायाखाली यंदा धूळ नको. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, इपुय सुधारला वाटतं. त्याचा हिशोब सोपा होता. ढकलणाऱ्याचे अंगठे जमिनीत रुततात. ओढणाऱ्याच्या टाचा रुततात. नुसता उभा असतो त्याचं पाऊल सपाट उमटतं. उद्या भुकटीच सांगेल.

दुसऱ्या दिवशी बायका डफ वाजवत होत्या, पोरं छपरांवर बसली होती. पालखी अंगणात आली. इपुयनं ठरवलं होतं, की अंग पोत्यासारखं सैल सोडायचं, म्हणजे आपल्यामुळे हिशोबात गडबड नको. समोर पाच हातांवर पाशेदू उभा. त्यानंही डोकं भादरलं होतं, कशाला कुणास ठाऊक. त्याची धाकटी पोरगी आईच्या कडेवरून बापाला हाक मारत होती आणि तो वळून बघत नव्हता. त्याची नजर इपुयवर होती. शेजारी म्हणून, ओळखीचा चेहरा म्हणून.

कारकुनानं विचारलं, "माझ्या मालका, मुकादमाची उशी पाशेदूनं नेली काय?"

सैल बिल सगळं राहिलं बाजूला. इपुयच्या टाचा आपसूक जमिनीत गेल्या आणि त्यानं जीव खाऊन मागे रेटलं. त्याला वाटलं आपण एकटेच ओढतोय, पण देव असा भसाभस मागे गेला, की मागचे चौघे देवळाच्या भिंतीला जाऊन थडकले. गावानं हुश्श केलं. पाशेदू खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

इपुयला वाटलं सुटलो. पण मुकादम मान वाकडी ठेवूनच पुढे आला आणि म्हणाला, मग देवानंच सांगावं कुणी नेली. एकेका घराचं नाव घ्या.

कारकून नावं घेऊ लागला. देव ढिम्म. इपुय पुन्हा सैल उभा. कान मात्र ताठ. नावं त्याच्या गल्लीत शिरली. पाशेदूचं घर वगळलं, आणि कारकून म्हणाला, "इपुय."

देव पुढे सरकला.

इपुयला पाठीत स्पष्ट धक्का बसला. एक पाऊल, मग दुसरं, मग अख्खं अंगण ओलांडून तो पाशेदूच्या अगदी समोर जाऊन थांबला. डफ थांबले. मागून कुणीतरी पुटपुटलं, ओढू नकोस ना रे. इपुयला म्हणायचं होतं, मी कुठे ओढतोय, तुम्हीच ढकलताय. पण पाशेदू वर बघत होता, आणि भलतंच तोंडातून आलं.

"मी नेली," तो म्हणाला. "गंमत म्हणून. तुझ्या घरी मीच ठेवली."

गाव हसलं नाही. पहिल्यांदाच इपुयच्या गमतीला कुणी हसलं नाही. मुकादमानं चोरी नाही म्हणून टोळीत ठेवलं, पण मुकादमाचं अख्खं घर आतून-बाहेरून गिलावा करून द्यायचा, तोही सुट्टीच्या दिवसांत, आणि इपुयची स्वतःची उशी पाशेदूला द्यायची असं ठरलं. उशी हुनेरोनंच नेऊन दिली.

पाशेदू धाकटीला कडेवर घेऊन निघून गेला. पालखी आत गेली, लोक भाकरी-मासळीकडे वळले, आणि इपुय एकटा अंगणात राहिला. मान खाली घालून तो भुकटीवरून फिरत होता. पहिल्या जागी आठ माणसांच्या टाचा खोल रुतल्या होत्या. आठांच्या आठ, भिंतीपर्यंत चर पडले होते. म्हणजे पाशेदूसाठी सगळ्यांनीच ओढलं होतं आणि सगळेच खोटं बोलत होते. इपुयला गुदगुल्या झाल्या. बिअर फुकट गेली नव्हती.

मग तो पुढच्या ठशांकडे गेला. सात जणांची पावलं सपाट होती, अडखळलेली, फरफटत आल्यासारखी. पुढच्या डावीकडे एकाच माणसाचे अंगठे जमिनीत असे घुसले होते, की खालची काळी माती वर आली होती.

इपुयनं आजूबाजूला बघितलं आणि हळूच आपला पाय त्या ठशात ठेवला. त्याची करंगळी वाकडी होती, तीसुद्धा बसली.

"सापडला का?"

पाशेदू कोपऱ्यात उभा होता. हातात कांदा-भाकरी. कधीचा बघत होता देव जाणे. इपुयचं हे खूळ त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं. बिअर प्यायला तोही असायचा.

"अंगठा माझा आहे," इपुय म्हणाला. "पण आईशप्पथ पाशेदू, मी ढकललं नाही. मला मागून धक्का बसला."

पाशेदू जवळ आला. वाकून ठसे बघितले. बाकीचे सातही बघितले, एकेक, सावकाश. त्यालाही आता खाज सुटली होती, हे इपुयला दिसलं.

"मागचे तर नुसते ओढले गेलेत," पाशेदू म्हणाला.

"तेच तर."

"मग धक्का कुणी दिला?"

दोघंही उकिडवे बसून त्या एका अंगठ्याच्या खळग्याकडे बघत राहिले. मग पाशेदूनं कांदा बुक्कीनं फोडला, अर्धा स्वतः तोंडात टाकला आणि अर्धा, इपुयकडे न बघताच, त्याच्यापुढे धरला.