डोक्यावरून कट्ट्यावर

मी एक जुने घमेले आहे. माझ्या तळाला गंजाने भोके पडली आहेत आणि काठ एका बाजूने चेपला आहे. बांधकामावर मला आता कोणी हातही लावणार नाही. तरीही मित्रांनो, रोज सकाळी एक बाई आधी माझ्याकडे येते आणि मग चहा घेते.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती यंत्राखाली सरकली, वरून दाब आला आणि मी खोलगट झाले. एवढेच माझे बालपण. मग आम्हा भावंडांना एकात एक बसवून दुकानाबाहेर रचून ठेवले. तिथे एक गवंडी आणि त्याची बायको आली. गवंड्याने सगळ्यात वरचे घमेले उचलले. बायकोने ते खाली ठेवायला लावले, मला मधून ओढून काढले, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, "हे घ्या. उचलायचं मला आहे."

तो भिंती बांधायचा आणि ती त्याला माल पुरवायची. तिच्या डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर मी आणि माझ्यात कालवलेले सिमेंट. परांचीच्या हलत्या फळ्यांवरून ती मला हात न लावता चढायची. तोंडाने मात्र सगळ्या कामावर हुकूम चाले. "विटा भिजवल्यात का?" "ती फळी आधी बांधा, मग चढा." म्हणून सगळे तिला मुकादमीण म्हणत. खरा मुकादमसुद्धा तिचा रागरंग पाहून बोलायचा. एकदा कंत्राटदार म्हणाला, "या बाईच्या घमेल्यातला माल सांडलेला मी कधी पाहिला नाही." कौतुक तिचे होते, पण त्यातले थोडे मी माझ्याकडे ठेवून घेतले.

लोखंड जेवढे सोसते तेवढे मान सोसत नाही. एका सकाळी तिने मला डोक्यावर घेतले आणि तिच्या हाताची बोटे बधिर झाली. तिचा तोल गेला. मी धाडकन खाली आदळले आणि माझा काठ चेपला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, मानेचे मणके झिजले आहेत. गळ्याला पट्टा आला. डोक्यावर ओझे घ्यायचे नाही, मान खाली घालून काम करायचे नाही.

गवंड्याला दुसरी मदतनीस मिळाली. मुकादमिणीला मात्र दुसरे काम मिळाले नाही. तिने आपले घर भर दुपारी कधी पाहिलेच नव्हते. आता तेच बघत बसायची पाळी आली. हुकूम करायला माणसे नव्हती, म्हणून ती गळक्या नळावर ओरडे. संध्याकाळी गवंडी येऊन विचारी, "आज काय केलंस?" ती म्हणे, "काय करणार?" पुढे पुढे त्याने विचारणेच सोडले. दोघे समोरासमोर बसून मुकाट्याने जेवत.

मी मागच्या अंगणात नळापाशी पडले होते. माझ्यात पाणी साचे, तळ कुरतडला जाई. एके दिवशी भंगारवाला आला तेव्हा गवंड्याने मला त्याच्या गाडीवर ठेवले.

"खाली काढा ते," मुकादमीण दारातून म्हणाली.

"अगं, भोकं पडलीत त्याला. काय उपयोग?"

"मग मलाही बसवा की तराजूत."

भंगारवाल्याने दोघांच्या तोंडाकडे पाहिले, गुपचूप मला खाली ठेवले आणि काढता पाय घेतला.

त्यांची लेक एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचे काम करते. एकदा ती उरलेला लेट्यूसचा, म्हणजे सॅलडच्या पानांचा, गड्डा घरी घेऊन आली. मुकादमिणीने एक पान चावून पाहिले.

"कागद खाल्ल्यासारखं लागतंय."

"शिळं आहे गं आई. ताजं असलं की कुरकुरीत लागतं. तूच लाव की घरी."

"मी? मी आजवर विटांखेरीज काही लावलं नाही."

तरी लेकीने बियांची पुडी आणलीच. माझ्या तळाची भोके पाहून ती म्हणाली, "हे झकास आहे. जास्तीचं पाणी आपोआप निघून जाईल." मित्रांनो, ज्या भोकांपायी मी भंगारात निघाले होते, त्यांचेच कोणी कौतुक केले!

मुकादमिणीने माती घेतली, चाळली, पाणी घालून कालवली आणि थापीने चोपून चोपून गुळगुळीत केली. त्यात बोटभर खोल बी पुरले. किती दिवस गेले, काही उगवले नाही. गवंड्याने मातीवर बोट वाजवून पाहिले. बोट दुखले.

"पेरणी केलीस की पाया घातलास? यावर दोन मजले सहज उठतील."

ती रागावली, पण हसलीसुद्धा. फार दिवसांनी त्या घरात कोणी हसले होते.

लेक हॉटेलला भाजी पुरवणाऱ्या माळ्याला विचारून आली. हे बी खोल गाडले तर उगवत नाही, ते वरच भुरभुरायचे. माती भुसभुशीत हवी, कुजलेला पाला घातलेली. पाणी नुसते शिंपडायचे. आणि मुख्य म्हणजे पत्रा उन्हात तापतो, तेव्हा दुपारी सावली हवी. मुकादमिणीने मला भिंतीच्या आडोशाला ओढले आणि पुन्हा पेरणी केली. या वेळी मातीतून हिरव्या ठिपक्यांसारखी रोपे वर आली. दाटीवाटीने, एकमेकांच्या अंगावर.

"आई, निम्मी उपटायला हवीत. नाहीतर कुठलंच वाढणार नाही."

"माझ्या कामावरून मी कोणालाही काढलेलं नाही."

पण रोपे पिवळी पडू लागली तेव्हा तिला काढावीच लागली. उपटलेली एवढीशी रोपे तिने धुऊन खाल्ली, वाया जाऊ दिली नाहीत.

गवंडी आता कामावरून आला की हातपाय धुण्याआधी विचारी, "आज किती वर आलं?" ती बोटाची पेरे दाखवून सांगे. गोगलगायींची तक्रारही करी. बोलता बोलता जेवण निवून जाई.

एक गोष्ट मात्र गवंड्याला आणि लेकीला ठाऊक नव्हती. मी जमिनीवर होते आणि पट्टा असताना तिला खाली बघता येत नसे. म्हणून घरात कोणी नसले की ती पट्टा काढून ठेवी आणि माझ्यावर वाकून गवत वेचत, गोगलगायी शोधत बसे. एका दुपारी तिचा हात खांद्यापासून बधिर झाला. डोळ्यांपुढे अंधारी आली. ती माझ्या शेजारी जमिनीवर पडली आणि तिला उठता येईना. मी एक घमेले. मी कोणाला हाक मारणार?

गवंडी आला तेव्हा ती तशीच पडलेली होती. त्याने तिला उचलून आत नेले, पट्टा बांधला, पाणी पाजले. तिचा हात हळूहळू हलू लागला. मग तो तरातरा बाहेर आला आणि रोपांसकट मला उचलले.

"एकदा तुझी मान मोडली याने. आता जीव घेईल. फेकून देतो!"

ती भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"फेका. पण मग उद्या संध्याकाळी घरी आल्यावर मला काय विचाराल, तेवढं ठरवून ठेवा."

मग त्याने मला खाली ठेवले, अगदी हळू. आत जाऊन तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पट्टा काढत होतीस, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर बंद केलं असतंत."



सुट्टीच्या दिवशी त्याने तिला अंगणातल्या भिंतीपाशी उभे केले. "ताठ उभी राहा. हात पुढे कर. नजर समोर." जिथे तिचे हात आरामात पोचले तिथे भिंतीवर खडूने रेघ मारली आणि त्या रेघेपर्यंत विटांचा कट्टा बांधायला घेतला. माल त्याने स्वतःच वाहिला, बादलीतून, आणि निम्मा वाटेत सांडला. मुकादमीण खुर्चीवर बसून होती. "वीट कोरडी आहे. भिजवा आधी. डावीकडे ओळंबा लावा, भिंत कललीय." तो कपाळाचा घाम पुसत "हो बाई, हो" म्हणत होता. कट्टा वाळल्यावर त्याने मला त्यावर बसवले आणि वर सावलीला जुने गोणपाट ताणले.

पुढे पाने वीतभर पसरली. बाहेरची पाने खुडायची आणि मधला कोंब ठेवायचा, हे ती शिकली. पहिल्या पानांवर लिंबू पिळून, मीठ घालून, उकडलेल्या अंड्यांबरोबर तिघे जेवले. गवंडी कितीतरी वेळ चावत होता.

"कसं लागतंय, बाबा?" लेकीने विचारले.

"पाण्यासारखं. पण आपल्याच नळाच्या."

मुकादमिणीची मान पूर्ण बरी झाली नाही. काही सकाळी बोटे अजून बधिर असतात, तेव्हा ती माझ्या काठावर हात टेकून थांबते. ऊन वाढले तेव्हा लेट्यूस उंच गेला, कडू झाला आणि त्याला पिवळी फुले आली. तिला वाटले, आपले काहीतरी चुकले. पण फुलांमागून बी धरले आणि ते तिने डबीत भरून ठेवले.

मित्रांनो, माझा पत्रा आणखी किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. मी फुटले की कट्ट्यावर दुसरे काही येईल, त्याचे मला दुःख नाही. माझे एवढेच मागणे आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी ती उलटीपालटी करून बघा. आणि तुमच्या घरात कोणी थकून, दुखून बसले असेल तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याचे हात कुठवर पोचतात ते विचारा आणि काम तेवढे वर उचलून द्या.