खाणीत पडली ती कोण

जुळ्या असूनही त्या दोघींनी एकमेकींना कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. थोरली काही मिनिटांपुरतीच थोरली होती, पण तो मान तिनं जन्मभर सोडला नाही आणि धाकटीनंही कधी मागितला नाही. थोरली विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायची. माणसाला आठवतं कसं, तो विसरतो कसा आणि न घडलेलं घडलं असं त्याला वाटतं कसं, हा तिचा विषय. धाकटी नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. एकीच्या हाताला खडू, दुसरीच्या केसांना क्लोरीनचा वास. दोघींचं बरं चाललं होतं.

दरवर्षी नव्या वर्गाला थोरली पहिल्याच तासाला स्वतःची एक आठवण सांगायची. ती पाच वर्षांची असताना मामा दगडाच्या खाणीवर मेकॅनिक होता. एका सुट्टीला सगळे तिथे डबे घेऊन गेले. पाण्यानं भरलेल्या जुन्या खड्ड्याच्या काठावरून तिचा पाय घसरला. वर हिरवा उजेड, डोळ्यांवर आपलेच केस, श्वास नाही. मग मामानं वेणी धरून वर खेचलं आणि बाबांनी पाठीत थापट्या मारून पाणी काढलं. "तेव्हापासून मी बादलीपेक्षा खोल पाण्यात हात घातलेला नाही," असं ती म्हणायची. मुलं हसायची आणि भीतीनं आठवणीवर शिक्का कसा बसतो, या धड्याला सुरुवात व्हायची.

एका वर्षी धाकटीची मुलगी त्याच वर्गात येऊन बसली. घरी जेवताना तिनं आईला विचारलं, "मावशी लहानपणी बुडत होती, हे तू कधी बोलली नाहीस?"

धाकटीचा घास हातातच राहिला. "मावशी? ती काठावर उभी होती. बुडत होते मी."

दुसऱ्या दिवशी तिनं थोरलीला तलावावर बोलावून घेतलं. थोरली नेहमीसारखी पाण्यापासून लांब, कपडे बदलायच्या खोल्यांच्या भिंतीला पाठ लावून बाकावर बसली. धाकटी शिट्टी गळ्यात घेऊन कठड्यावर उभी होती. नवशिकी मुलं फळ्या धरून पाय झाडत होती.

"काय गं थोरले," पाण्यावरची नजर न काढता धाकटी म्हणाली, "माझं बुडणं तू कधीपासून चालवायला घेतलंस?"

"तुझं कसलं? मामानं मला काढलं. वेणीला धरून."

"माझ्या वेणीला. अजून तिथे ओढल्यासारखं वाटतं मला. वर सगळं हिरवं होतं आणि तू काठावर उभी होतीस, पिवळ्या फ्रॉकमध्ये."

"पिवळा फ्रॉक तुझा होता. मी तुला पाण्यातून पाहिलं."

धाकटीनं शिट्टी वाजवून एका मुलाला कठड्याजवळ घेतलं. मग ती वळली. "मी पोहायला शिकले ते कशासाठी? त्या दिवसाची भीती जावी म्हणून. नाहीतर या धंद्यात कशाला पडले असते?"

"आणि मी शिकले नाही ते कशासाठी?" थोरली म्हणाली.

एकाच घसरलेल्या पायावर दोघींनी आपापला संसार उभा केला होता, आणि पाय तर एकीचाच घसरला होता.

जुळ्यांमध्ये अशी भांडणं होतात हे थोरलीनं वाचलेलं होतं. शर्यतीत पडलं कोण, कुत्रा चावला कोणाला, यावरून जुळी भावंडं म्हातारपणापर्यंत हमरीतुमरीवर येतात आणि दोघंही छातीठोकपणे बोलतात. वर्गात ती हे गंमत म्हणून सांगायचीही. स्वतःच्या बाबतीत मात्र ती शक्यता तिच्या मनाला शिवली नाही. धाकटी चुकत होती, एवढंच. घरी जाताना बसमध्ये तिला एवढं जाणवलं की आपण अगदी आपल्या प्रयोगातल्या माणसांसारखं बोलतोय. तरी मत बदललं नाही.

रविवारी ती आईकडे गेली. आई मटार सोलत बसली होती.

"फ्रॉक ना? दोन्ही पिवळेच होते," आई म्हणाली. "एकाच कापडातून बेतले होते मी. उरलेल्या तुकड्याच्या उशीच्या खोळी केल्या."

"मग पडलं कोण?"

"तू."

"तू पाहिलंस?"

"छे गं. मी डबे उघडत होते, पाठ होती माझी. पण तुझ्या मामानं सांगितलं ना, थोरली पडली म्हणून."

थोरलीला हायसं वाटलं. तरीही सवयीनं, आणि बाबा आता नव्हते म्हणून, ती मामाकडे गेली. मामाला आता ऐकायला कमी यायचं म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा. ती पोचली तेव्हा शेजाऱ्यांचा पंखा उघडून त्याचे भाग त्यानं वर्तमानपत्रावर मांडले होते.

"तुलाच काढलं मी, थोरलीला," तो म्हणाला.

"कशावरून, मामा?"

"तुझ्या आईनं सांगितलं की."

थोरली हसायला लागली. मामाला वाटलं, आपण काहीतरी बावळटासारखं बोललो. त्यानं पाना खाली ठेवला.

"अगं, मला तुम्ही तेव्हा ओळखूच यायच्या नाहीत. एक पोर पाण्यात दिसली, मी उडी मारली, हाताला वेणी लागली, ती ओढली. तिची मला काळजी नव्हती. खोकत होती, बोंबलत होती, म्हणजे जिवंत होती. काळजी दुसरीची होती."

"कुठल्या दुसरीची?"

"काठावरच्या. ती नुसती उभी. तोंडातून आवाज नाही, श्वास नाही, ओठ निळे पडलेले. बहीण पाण्यात गेल्यापासून तिनं जो श्वास धरला, तो सोडलाच नव्हता. तुझे बाबा तिच्या पाठीत थापट्या मारत होते. मारता मारता रडत होते. मग केव्हातरी तिनं श्वास घेतला."

बाबांचा हात थोरलीला आजही पाठीवर जाणवायचा, रुंद आणि घाईचा. पाणी काढण्यासाठी त्यांनी थापट्या मारल्या, हे कोणी सांगितलं होतं की ते तिनंच जोडून टाकलं होतं, हे तिला आठवेना. आठवलं असतं तरी तिनं त्यावर विश्वास ठेवला नसता.

तिथूनच ती तलावावर गेली. दुपारची वर्दळ नव्हती. धाकटी जाळीनं पाण्यावरची पानं काढत होती.

"बाबांनी तुझ्या पाठीत मारलं होतं?" थोरलीनं विचारलं.

"कधी?"

"त्या दिवशी."

धाकटीनं विचार केला. "नाही. मला मामानं खांद्यावर टाकलं होतं. बाबा तुझ्यापाशी होते. मला तेव्हा रागच आला होता. बुडाले मी आणि जवळ घेतलं तुला."

थोरलीनं मामाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आपलं खरं ठरलं म्हणून धाकटी खूश होईल असं तिला वाटलं होतं. पण धाकटीनं जाळी कठड्याला टेकवली आणि ती तिच्याकडे वळली.

"मी वर येईपर्यंत तू श्वास घेतला नाहीस?"

"असं मामा म्हणतो. त्याच्या आठवणीचा भरवसा—"

"गाढव आहेस," धाकटी म्हणाली आणि ओल्या हातानं तिचं मनगट धरून तिला बाकावर बसवलं. स्वतःही शेजारी बसली. पलीकडे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची घरघर चालू होती.

धाकटीच्या आग्रहावरून थोरलीनं त्या महिन्यात पाण्यात उतरून पाहिलं. बुडाली नसेल तर भिण्याचं कारण काय, असा धाकटीचा सरळ हिशेब. उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून थोरली कमरेइतक्या पाण्यापर्यंत गेली. तिथून ती जशी उतरली तशीच उलट पावली वर आली. भीतीत तसूभरही फरक पडला नव्हता. थोरलीला त्याचं वाईट वाटलं नाही. नवलही वाटलं नाही. टॉवेल गुंडाळून तिनं धाकटीला समजावलं की भीती कारण विचारून येत नाही. धाकटी म्हणाली, "हे व्याख्यान केस पुसून झाल्यावर दे."

पुढच्या वर्षापासून थोरलीनं वर्गात ती आठवण सांगणं बंद केलं. त्याऐवजी जुळ्या भावंडांना बोलावून त्यांच्या वादातल्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचं काम हाती घेतलं. पहिली जोडी त्या दोघींचीच होती. वेगवेगळ्या खोल्यांत बसून दोघींनी तो दिवस सांगितला, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना थोरलीच्या सहायकाला कुठली कुठल्या खोलीत बसली होती हे आवाजावरून सांगता आलं नाही.

आईला हे सगळं कळलं तेव्हा तिनं दोघींना कॉफी दिली. "पडलं कोणीही असो," ती म्हणाली, "रात्री ताप दोघींनाही चढला होता. एवढं मला लख्ख आठवतं."

थोरलीनं तोंड उघडलं होतं. कशावरून, असं ती विचारणारच होती. मग तिनं कपाकडे हात नेला आणि साखर कमी आहे का, एवढंच विचारलं.