चौथी फुली

लिफ्टवाल्याला माणसांचे चेहरे बघायची सवय नव्हती. सव्वीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करताना त्याला माणसं एकतर वरून दिसली होती, म्हणजे भांग आणि टकलं, नाहीतर खालून, म्हणजे चपला. मधला भाग बायकोकडे होता. ती फोटो काढायची.

घराच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. मागच्या रस्त्यावरच्या शाळेतून बाहेर पडणारं प्रत्येक पोर गेली बारा वर्षं आधी तिच्या स्टुलावर बसायचं आणि मगच जगात जायचं. काळा झगा, चौकोनी टोपी, हनुवटी किंचित वर. झगे चारच आणि चारही एका मापाचे, त्यामुळे किडकिडीत पोरांच्या पाठीला कपड्यांचे चिमटे लावावे लागत. समोरून पदवीधर, मागून दोरीवरची चादर. शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षीची एक अशा बारा चौकटी ओळीने टांगलेल्या होत्या. तेरावीचा खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता.

हिवाळ्यात बायको गेली. तीन आठवडे आजारी होती, आणि त्यातला पहिला आठवडा ती आजारी आहे हे कोणी मनावर घेतलं नव्हतं. तिने तर नाहीच.

तेराव्या चौकटीत त्यांची मुलगी येणार होती. तिला घरात मुंगी म्हणत, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि चावायची. आता ती बापापेक्षा दोन बोटं उंच होती. चावण्याची सवय टिकून होती, फक्त आता ती दात वापरत नसे.

शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला की यंदा दुसरा कोणी फोटोवाला बघू का, तेव्हा लिफ्टवाला एका लिफ्टच्या टपावर, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये उभा होता. अशा जागी माणूस जे तोंडाला येईल ते बोलून मोकळा होतो. "मी काढतो," तो म्हणाला.

संध्याकाळी मुंगीने हे ऐकून घेतलं. ताटातली भाजी इकडून तिकडे केली.

"आईचा असायचा तसा उजेड आला तर मी बसेन."

"आणि नाही आला तर?"

"तर चौकटीत माझ्या नावावर नुसती टोपी लाव."

मस्करी करते आहे का, ते बघायला त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पण वर सांगितल्याप्रमाणे, चेहऱ्यांचा त्याला सराव नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो स्टुडिओत शिरला. त्याच्या मते प्रकरण सोपं होतं. बायकोने जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. लाल फुलीवर मोठा दिवा, खिडकीच्या बाजूला, तोंडावर पांढरं कापड ताणलेला. निळीवर मागचा छोटा दिवा, केसांना कड यावी म्हणून. पिवळीवर स्टूल. किती उंच करायचं ते तिने दिव्यांच्या दांड्यांवर नेलपॉलिशने लिहून ठेवलं होतं. लिफ्टवाल्याने सगळं मिलिमीटरने जुळवलं आणि प्रत्येक वस्तूवर सपाटी बघायची स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत दम खाल्ला नाही. स्टुलावरही ठेवली. आत्याच्या टोपीवर ठेवली तेव्हा आत्याने ती उचलून बाजूला केली.

आत्या म्हणजे त्याची धाकटी बहीण. सरावासाठी चेहरा म्हणून ती रोज दुपारी येऊन बसायची. तिची एकच अडचण होती. उबदार दिव्यासमोर ती दोन मिनिटांत झोपायची.

फोटो आले. खिडकीकडचा गाल लख्ख, दाराकडचा गायब.

"दादा, यात मी अर्धीच आलेय," आत्या म्हणाली. "बाकीची कुठे ठेवलीस?"

बायकोच्या फोटोंत असं नव्हतं. तिथेही दाराकडच्या गालावर सावली होती, पण हलकी. आत पोर बसलंय हे कळायचं. त्याने पुन्हा मापं घेतली. पुन्हा अर्धी आत्या.

मग त्याची नजर चौथ्या फुलीवर गेली. दाराच्या बाजूला, स्टुलापासून हातभर अंतरावर पांढऱ्या पट्टीची फुली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. म्हणजे एक दिवा हरवला होता. त्याने माळा उपसला. पलंगाखाली शिरला. दिवे विकणाऱ्या दुकानदाराला जाऊन विचारलं.

"बाईंनी तीनच नेले होते," दुकानदार म्हणाला. "चौथा घ्या म्हणून मी सहा वर्षं मागे लागलो होतो. म्हणायच्या, गरज नाही, आहे माझ्याकडे."

"आहे म्हणायची?"

"आहे म्हणायच्या."

त्याने घरी येऊन फुलीवर टेबललॅम्प ठेवला. आत्याला एकाच नाकाच्या दोन सावल्या आल्या. कपडे वाळवायचा स्टँड ठेवला. पंखा ठेवला, त्याने नुसती टोपी उडाली. दोन आठवडे त्याने त्या फुलीवर घरातलं सगळं उभं करून पाहिलं, फ्रिज सोडून, आणि फ्रिज सोडला तो वायर पुरत नव्हती म्हणून.

मुंगी येता-जाता हे बघायची आणि काही बोलायची नाही. दोघांचं बोलणं तसंही कोटापासून कमी झालं होतं.

कोटाचं असं होतं. बायको काम करताना गुडघ्यापर्यंतचा पांढरा कोट घालायची. दाताच्या डॉक्टरसारखी दिसायची. लहान पोरं स्टुलावर बसली की आपणहून आ करायची. ती गेल्यावर आठव्या दिवशी लिफ्टवाल्याला वाटलं, हात रिकामे नकोत. त्याने घरातले सगळे कपडे गोळा करून मशीनमध्ये टाकले, त्यात त्याची कामावरची कोरी करकरीत निळी डांगरी होती आणि तो कोट होता. मशीनने आपलं काम चोख केलं. कोट बाहेर आला तो फिकट निळा. आणि साबणाच्या वासाचा, म्हणजे कसल्याच वासाचा नाही. मुंगीने तो दोन्ही हातांनी झटकला, स्टुडिओतल्या खुंटीला अडकवला आणि अकरा दिवस बापाशी बोलली नाही. तेव्हापासून ती आपले कपडे वेगळे धुवायची.

फोटोंना पाच दिवस राहिले तेव्हा लिफ्टवाला हात टेकून स्टुडिओच्या जमिनीवर बसला. आत्या स्टुलावर घोरत होती. डोळे फुलीच्याच उंचीवर आले होते, म्हणून त्याने फुलीकडे नीट पाहिलं.

लाल आणि निळ्या फुलीवर दिव्यांच्या पायांचे तीन-तीन गोल दाब होते. पांढरीवर दाब नव्हते. तिचा मधला भाग कोरा होता आणि दोन्ही बाजूंना पट्टी झिजून धागे निघाले होते. दोन झिजलेले लांबट डाग, शेजारी शेजारी, जरा फाकलेले.

हे मात्र तो ओळखत होता. लिफ्टच्या जमिनीकडे बघून तो सांगू शकायचा की बटणापाशी कोण उभं राहतं, किती वर्षं, आणि भार कुठल्या टाचेवर टाकतं. ही उजव्या टाचेवर टाकायची.

"मुंगे," त्याने हाक मारली. "आई फोटो काढताना कुठे असायची?"

मुंगी दारात आली. "म्हणजे तुला माहीत नाही?"

"मी कामावर असायचो."

"कॅमेऱ्यामागे कधीच नसायची. म्हणायची, यंत्राआडून बोललं की पोरंही यंत्रासारखी हसतात. इथे उभी राहायची, हातात वायरचं बटण घेऊन. गप्पा मारत." तिने फुलीकडे बोट केलं. मग बोट तसंच राहिलं.

दोघांनी खुंटीकडे पाहिलं.

मोठ्या दिव्याचा उजेड स्टुलापलीकडे जायचा, त्या पांढऱ्या कोटावर पडायचा आणि तिथून परत पोराच्या गालावर यायचा. दुकानदाराशी ती खोटं बोलली नव्हती.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू आत्याशेजारी पंखा उभा करत होतास बाबा. त्यात मी काय सांगणार?"

ती आत गेली, शाळेचा पांढरा शर्ट घालून आली आणि फुलीवर उभी राहिली. त्याने बटण दाबलं. फोटोत आत्याचं तोंड उघडं होतं, पण ती पूर्ण आली होती. दोघांनी तिला बराच वेळ बघितलं. मग मुंगी स्वयंपाकघरात गेली आणि आधीच घासलेली भांडी घासू लागली.

तो मात्र बायकोच्या जुन्या फोटोंचे खोके काढून बसला. बारा वर्षांची पोरं. त्यांतलं एकही पोर त्याला ओळखता येत नव्हतं, पण प्रत्येकाच्या दाराकडच्या गालावर ती होती.

ठरल्या रविवारी अठ्ठावन्न पोरं आली. मुंगी सकाळपासून पांढरा शर्ट घालून फुलीवर उभी, हातात बटण. "हनुवटी वर. एवढी नाही, छताला काय विचारायचंय तुला?" लिफ्टवाला चष्म्यांवरची चमक जावी म्हणून दिवा बोटभर वर-खाली करत होता आणि पाठींना चिमटे लावत होता. एक पोरगा चिमट्यांसकट घरी गेला.

चार वाजता खोली रिकामी झाली. मुंगीने झगा चढवला आणि स्टुलावर बसली. लिफ्टवाल्याने थर्माकोलचा मोठा तुकडा आणून फुलीवर उभा केला.

"हे काय?"

"पांढरं आहे. मापाने कापून आणलंय."

"ते काय बोलणार माझ्याशी?"

त्याने थर्माकोल उचलला. स्वतः फुलीवर उभा राहिला.

"तू डांगरीत आहेस बाबा. आत्यासारखी अर्धी येईन मी." ती खुंटीकडे न बघता म्हणाली, "कोट घाल."

"तो आता पांढरा नाही गं."

"माहितीये मला."

कोटाच्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच पोचल्या. बटणं लागायचा प्रश्नच नव्हता. पाठीत कुठेतरी उसवल्याचा आवाज झाला, तो ऐकलाच नाही असं दोघं धरून चालले. त्याने पाय त्या दोन झिजलेल्या डागांवर ठेवले. पाय मोठे होते, बाहेर उरले.

"बोल काहीतरी," मुंगी म्हणाली. "आई बोलायची."

त्याने खूप विचार केला. सव्वीस वर्षांत तो माणसांशी जे एकच वाक्य बोलत आला होता, ते त्याच्याकडे होतं.

"कितवा मजला?"

मुंगी हसली नाही. पण दारावरचे आकडे बघताना लिफ्टमधल्या माणसाची हनुवटी जेवढी वर होते, तेवढी तिची झाली. त्याने बटण दाबलं.

फोटोत ती पूर्ण होती. दाराकडच्या गालावर फिकट निळा उजेड होता, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत.

"दुकानदार म्हणतो, कॉम्प्युटरवर काढून टाकता येतं," तो म्हणाला.

"हात लावू देऊ नकोस."

त्या आठवड्यात तिने आपले कपडे त्याच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. पांढरा शर्टही.

तेरावी चौकट टांगायला तो स्वतः गेला. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक चेहरा पाहिला आणि शेवटून दुसऱ्या ओळीत थांबले.

"छान झालंय. पण हिच्या गालावर निळं आलंय. छपाईची चूक दिसते."

"धुण्याची," लिफ्टवाला म्हणाला.

त्यांना काही कळलं नाही, आणि ते घंटा द्यायला गेले. त्याने खिशातून स्पिरिट लेव्हल काढून चौकटीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध होता. तरीही तो बराच वेळ चौकट सरळ करत राहिला.