रड्याचा गुडघा

धाकट्या भावाला मी लहानपणापासून रड्या म्हणते. बोटाला सुई टोचली तरी घर डोक्यावर घ्यायचा. पुढे शिंपीच झाला, आता अडुसष्टचा आहे, पण माझ्या लेखी रड्या तो रड्याच!

मशीनचं पायडल मारून मारून त्याचा गुडघा कामातून गेला. मला गुडघ्यातल्या इंजेक्शनानं बरं वाटलं होतं, म्हणून मीच त्याला ओढून नेलं. डॉक्टरांनी बजावलं, "तुम्हाला साखर आहे. गुडघा सुजला, ताप आला, तर त्याच दिवशी या." मी शेजारीच बसले होते. बहिरी नाही मी.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ताई, फार ठणकतंय गं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"झालं तुझं सुरू! मलाही दोन दिवस दुखलं होतं. बायका बाळंतपणं कशी काढतात रे?"

तो ओशाळून हसला. मग फोनच नाही. मला वाटलं, गुण आला.

पाचव्या दिवशी दुकानात गेले. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर घालून कुडकुडत बसलेला. पँटची शिवण घोट्यापासून मांडीपर्यंत सफाईनं उसवलेली. आत गुडघा नारळाएवढा, लालभडक. हात लावला तर चटका बसला.

"हे काय रे?"

"पँट चढेना, म्हणून उसवली. म्हटलं, तू चिडशील."

मी तशीच रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात सुईनं पू निघाला. लगेच ऑपरेशन करून सांधा धुतला. जंतू रक्तात उतरायला लागले होते. पाय राहील की नाही, सांगता येईना. दोन दिवस मी देवाला नाही नाही ते बोलले. मग सर्जन म्हणाले, "सध्या तरी पाय वाचलाय. पण लक्ष ठेवावं लागेल."

संध्याकाळी नर्स आली. "काका, दहापैकी किती दुखतंय? लपवू नका हं, आत काय चाललंय ते त्यावरूनच कळतं आम्हाला."

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. कपाळावर घाम, ओठ दाबलेले.

"दोन," तो म्हणाला.

"दोन काय मेल्या! खरं सांग. ओरड, रड की रे!"

"आता नाही येत गं ताई," असं म्हणून तो माझाच हात थोपटायला लागला.

"दहा लिहा, बाई," मी नर्सला म्हटलं. "खोटं बोलतोय तो. मीच शिकवलंय त्याला."